छत्रीवाल्याचा खटला

ऑक्टोबर आला की आमच्या वाशिमात दोन गोष्टी एकदम वाढतात: सर्दी आणि सत्कार. सर्दी सोयाबीनच्या धुळीने होते. सत्कार कशाने होतात, याचा शोध मला उभ्या आयुष्यात लागलेला नाही. रिसोडच्या रस्त्याने जावं तर दर चौकात एक फलक, फलकावर हात जोडलेला एक माणूस, आणि त्याच्या पायाशी तिकिटाएवढ्या सात-आठ चेहऱ्यांची रांग. कोणी गोरगरिबांचा कैवारी, कोणी शेतकऱ्यांचा आधारवड. एका जिल्ह्यात एवढे तारणहार असताना आपण अजून बुडतो कसे, असा प्रश्न पडतो खरा. पण तो एसटीत बसून पडलेला असल्यामुळे पुढच्या थांब्यापर्यंत टिकत नाही.

यंदाची सर्दी आली त्याच आठवड्यात पुण्याहून माझ्या भाचीचा, रेणूचा फोन आला. "मामा, छत्रीवाला वापस आला!" म्हणजे तो ज्यात होता त्या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग निघाला होता. "घरी आली की दाखवतो तुमाले," म्हणाली. मी नको म्हटलं. फोन ठेवून खिडकीशी उभा राहिलो. खाली रस्त्याने ट्रॅक्टरच्या मागे मळणीयंत्र खडखडत चाललं होतं. आमच्याकडे त्याला हडंबा म्हणतात. त्याच्या पत्र्यावर आदल्या शेतातलं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, चिकटलेलं होतं, वाऱ्याने त्यातला थोडा भुगा उडून खिडकीपर्यंत आला, आणि मला एक शिंक आली. त्या शिंकेत जऊळक्याची, माझ्या बहिणीच्या गावाची, एक सबंध दिवाळी होती.

तेव्हा मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. दिवाळीची सुट्टी लागायला आणि धाकट्या बहिणीचा, कुसुमचा फोन यायला एकच गाठ पडली. "दादा, यायच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं धुळीत जाऊ नका म्हनलं. अन् सोंगनी तोंडावर आली. येतं का चार दिवस?" मी पॅसेंजरने जऊळक्याला उतरलो तो खांद्यावर एक जाड निळी ताडपत्री घेऊनच. कडेला पितळी कड्या ठोकलेल्या, वाशिमच्या बाजारातली सगळ्यात चांगली. फलाटावरून चालताना आपण कुणाच्या तरी मदतीला निघालो आहोत, ही भावना मनात होती आणि ती मला आवडत होती. हे आधीच कबूल करून ठेवतो.

ओसरीवर कुसुमचे यजमान वसंतराव काळा चष्मा लावून खाटेवर बसलेले. येणारा-जाणारा उगीच थबकून नमस्कार करी. काळा चष्मा लावून स्वस्थ बसलेला माणूस कुठल्या तरी कामाचा असणार, असा आमच्या भागात समज आहे. वसंतराव ते नमस्कार निमूट घेत. "काय करता," मला म्हणाले, "दिसत तं काहीच नाई. आवाजावरून आशीर्वाद देऊन राह्यलो."

कुसुमचं सोयाबीन हे बियाण्याचं सोयाबीन. पीक फुलावर आलं की ती ओळीओळीतून हिंडायची; तिच्या जातीला जांभळं फूल, त्यात कुठे पांढऱ्या फुलाचं झाड दिसलं की मुळासकट उपटायचं. सोंगताना, म्हणजे पीक कापताना, दाणा फुटू नये म्हणून ऊन चढायच्या आत काम उरकायचं, मळताना हडंब्याचे फेरे कमी ठेवायला लावायचे. दिवाळी झाली की गावातल्या बायका आपलं सोयाबीन मापून तिला देत आणि बदल्यात तिचं बी नेत. दुकानातल्या पिशवीवर उगवणीची हमी छापलेली असते. कुसुमच्या कट्ट्यावर, म्हणजे पोत्यावर, काहीच छापलेलं नसे. "कुसुमचं हाय ना? मंग झालं," एवढ्यावर सात-आठ घरांची पेरणी व्हायची. सासरी येऊन वीस वर्षं झालेल्या बाईच्या नावाने गावात एखादी गोष्ट ओळखली जावी, हे सोपं नाही. तिचं नाव त्या दीड एकरात दरवर्षी नव्याने पेरलं जायचं आणि दरवर्षी ते उगवावं लागायचं.

सोंगणीच्या त्या सकाळी अजून अंगावर आहेत. दवाने ओल्या झालेल्या शेंगांची लव हाताला टोचायची, मग दिवसभर मनगटं खाजत राहायची. सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर उभी, तिला पहिली पिवळी फुलं लागलेली. तिच्या सावलीत पाण्याची कळशी. दहा वाजता बांधावर भाकर, मिरचीचा ठेचा, आणि डोळे उघडलेली सीताफळं, जी काठाकाठाने वेचून रेणू ओढणीत घेऊन यायची. गाडीची शिट्टी ऐकू आली की बायका वर न बघता म्हणायच्या, "आली व्हय? लेट हाय आज." माझ्याच्याने तासाला जेवढं सोंगणं होई, तेवढं कुसुम बोलता बोलता करी. तरी दुपारी कंबर धरून बसलो की ती म्हणायची, "दादा, जमून राह्यलं तुले." ते खोटं होतं. पण तसं खोटं बोलणारं माणूस घरात असणं ही चैन आहे, हे मला आता कळतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. सोंगलेल्या ओळी अजून पुरत्या वाळल्या नव्हत्या, सकाळी शिंतोडेही पडून गेलेले. घाईघाईने गोळा करून आम्ही शेताच्या उंचवट्यावर सुडी लावली, म्हणजे कापलेल्या पिकाचा मोठा ढीग रचला. वरून माझी ताडपत्री. मी कड्यांतून दोर ओवले, दगड बांधले, गाठी मारल्या. कुसुम म्हणाली, "ओली हाय दादा थोडी. ऊन पडलं की खोलून पसरवू." मी म्हटलं, "आधी पानी तं जाऊ दे."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास पाणी आलंच. तासभर धो धो. शेजारच्यांच्या सुड्यांवर फाटकी पोती, खताच्या पिशव्या, कुठे नुसतीच साडी, सगळ्या भिजल्या. आमची कोरडी. शेजारी येऊन ताडपत्रीवर थाप मारून बघू लागले, जशी नव्या बैलाच्या पाठीवर मारतात. "सर, काम पक्कं केलं तुमी." "सर होते म्हनून वाचलं कुसुमचं." वसंतरावांनी काळ्या चष्म्यातूनच निकाल दिला, "आता दादा म्हनतीन तसंच कराचं." मी म्हटलं, त्यात काय. माणूस ‘त्यात काय’ म्हणतो तेव्हा त्याला त्यात बरंच काही वाटत असतं.

त्या दिवसापासून मी दर तासाला मोबाईलवर हवामान पाहू लागलो. त्यात वाशिमच्या नावापुढे ढगाचं चित्र होतं आणि ढगाखाली तीन थेंब. ते थेंब जाईनात. बाहेर मात्र दुपारी लख्ख ऊन पडायचं.

दुपारची विश्रांती मी रेणूच्या लॅपटॉपसमोर घ्यायचो. ती अमरावतीला इंजिनिअरिंग शिकत होती. तिच्या त्या गेममध्ये समुद्रकाठचं एक शहर होतं. एके काळी तिथे आभाळातून जळता पाऊस पडू लागतो. माणसं भाजतात, झाडं करपतात. मग एक माणूस पुढे येतो आणि सगळ्या शहरावर काचेचं छत घालतो. लोक वाचतात. वर्षं जातात. रोज सकाळी शहर त्याच्या मनोऱ्याकडे तोंड करून हात जोडतं. एक दिवस एक गवंडीण छताचा तडा बुजवायला वर चढते आणि तड्यातून पाहते, तर वर निळं आभाळ. पाऊस कधीच थांबलेला आहे. छताखाली माणसं मात्र हळूहळू फिकी पडत चालली आहेत. तिथून पुढे तो माणूस खलनायक ठरतो. त्याचं मूळ नाव मला उच्चारता येईना, म्हणून आम्ही त्याला छत्रीवाला म्हणायचो. तो पडद्यावर आला की व्हायोलिनं वाजत आणि त्याचा पांढरा झगा वाऱ्यावर हले. बंद छताखाली वारा कुठून आला, असं मी रेणूला विचारलं होतं. "मामा, तुमी गप पाहा," ती म्हणाली.

आता खटल्याविषयी. इंटरनेटवर एक मंडळी होती, जगभरातली, जी गोष्टींतल्या माणसांना कप्प्यांत घालायची. हा लबाड नोकर, ही दुष्ट राणी, हा वेडा शास्त्रज्ञ. रेणूने तिथे ठराव मांडला होता की छत्रीवाला ‘खोटा तारणहार’ या कप्प्यात बसतो. त्यावर आठवडाभर चर्चा, मग मतदान. दुसऱ्या टोकाचे लोक, ज्यांची खरी नावंही कुणाला ठाऊक नव्हती, इतक्या गांभीर्याने बोलत की ग्रामसभेने त्यांच्याकडून शिकावं. मुख्य म्हणजे सगळ्यांनी विषयाचा कागद वाचलेला असे. मला त्यांचं हसू आलं नाही. वस्तू योग्य कप्प्यात ठेवणं हेच माझं पोटापाण्याचं काम होतं. माझ्याकडे पुस्तकं होती, एवढाच फरक.

मी छत्रीवाल्याचं वकीलपत्र घेतलं. "खोटा म्हणजे फसवणारा," मी म्हटलं. "याने कुणाले फसवलं? पहिला पाऊस खराच होता. छत खरंच होतं. वाचलेले लोकही खरे."

"पन मंग पाऊस थांबल्यावर?"

"त्याले कुठं माहीत होतं?"

"माहीत करून घ्याचं ना!"

"रेणू, अडाणी असणं म्हणजे खोटं असणं नव्हे. तो आपला बिचारा कर्तव्य करून राह्यला."

तिने गेम मागे नेऊन छत्रीवाल्याच्या मनोऱ्यातली खोली उघडली. जड लाकडी टेबल, नकाशे, दिवे. भिंतीला एक मोठा पडदा. "हे पाहा," तिने बोट लावलं. "पडद्यामागं खिडकी हाय. अन् पडद्याच्या घडीत धूळ बसेल हाय. किती वर्षांची? म्हनजे यानं तो पडदा सरकवलाच नाई. त्याले माहीत नव्हतं असं नाई, मामा. त्याले पाहाचंच नव्हतं."

"कायले नसंन पाहाचं?"

"पाऊस नसंन तं हा कोन?"

हरू लागलेला शिकलेला माणूस करतो तेच मी केलं. म्हटलं, तुझा मुद्दा चांगला आहे, पण पुरावा अपुरा आहे.

एवढ्यात कुसुम दारात आली. पदराने हात पुसत म्हणाली, "दादा, ऊन चांगलं हाय. उघडू का सुडी? हात घातला तं आतून वाफ लागून राह्यली."

मी मोबाईल तिच्यापुढे धरला. ढग, तीन थेंब. "पानी येऊन राह्यलं कुसुम. उघडली अन् आलं तं?"

"अर्धीच उघडतो."

"दोन दिवस दम धर. परवा हडंबा येतेच हाय."

"शेजारच्यायनं पसरवली सारी."

"त्यायची भिजली होती म्हनून पसरवली. आपली भिजली का? नाई ना?"

तिने एकदा मोबाईलकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे. आभाळ रिकामं होतं. ओसरीवरून वसंतराव म्हणाले, "ऐक दादाचं. पह्यल्यानं वाचलं ना त्यायच्यानंच?" ती आत गेली. रेणूने लॅपटॉपवरून मान उचलून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही, आणि मी दिवसाला दोनशे पानं वाचणारा माणूस होतो.

ठरलेल्या दिवशी हडंबा घेऊन गफ्फारभाई आले. मोठा रुमाल तोंडाला बांधलेला, भुवयांवर कायमची पांढरी धूळ. दोर सोडायला मला वेळ लागला, गाठी फारच पक्क्या होत्या. ताडपत्री बाजूला झाली तशी सुडीतून वाफेचा एक लोळ उठला, हिवाळ्यातल्या सकाळी विहिरीतून उठतो तसा. गफ्फारभाईंनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि लगेच काढला.

"कब से बंद है?"

"पाचवा दिवस," मी म्हटलं.

"सर, हाथ डाल के देखो. इसमें तो भाकर सिक जाती."

मी हात घातला. आत खरंच चूल होती. शेंगा चिकटलेल्या, काळपट, त्यांच्यावर करड्या कापसासारखी बुरशी. वास आंबलेल्या पेंडीसारखा. बांधापलीकडे शेजाऱ्यांच्या भिजलेल्या सुड्या उन्हात पसरून, उलटून, वाळून मळूनही झाल्या होत्या. दाणा जरा फिकटला होता, एवढंच. आमच्या सुडीवर पाण्याचा एक थेंब पडला नव्हता.

मळणी केली. कुसुमने त्याही दिवशी गफ्फारभाईंना फेरे कमी ठेवायला लावले. ते म्हणाले, "भाभी, अब इसका क्या?" ती म्हणाली, "ठेवा तुमी कमी." दिवसभर हडंबा धडधडत राहिला, कुटाराचा सोनेरी धूर उडत राहिला, माणसं खोकत, हसत राहिली. लांबून पाहणाऱ्याला ती एक सुगीच दिसली असती. मला अजूनही ती तशीच आठवते, हे काय करावं कळत नाही. उन्हात उडणारं कुटार सुंदरच असतं.

मग तिने उगवण पाहिली. शंभर दाणे मोजले, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगांत मांडले, गुंडाळी करून स्वयंपाकघरात चुलीपासून लांब ठेवली. बाहेर रांगोळ्या, आकाशकंदील, करंज्यांचा वास. आणि आत ती रोज त्या गुंडाळीवर कोमट पाणी शिंपडायची, आजारी लेकराला पाणी पाजावं तसं. सहाव्या दिवशी उघडली. सत्तर आले तर बियाणं. एकोणतीस आले होते. बाकीचे बोटाला बुळबुळीत लागत होते. "बरं," ती म्हणाली आणि गोणपाट झटकायला परसात गेली.

मी रेणूकडे गेलो. म्हटलं, "तुझं बरोबर होतं. तो बसतो त्या कप्प्यात. मांड माझ्या नावानं."

ती म्हणाली, "मामा, मी ठराव मागं घेतला."

"काहून?"

"असाच."

"आता तं पुरावा पुरेसा झाला, रेणू."

"तो वाईट नव्हता," ती म्हणाली. लॅपटॉपकडे बघत म्हणाली. "त्याचं शहरावर प्रेम होतं ना."

मी हट्टाने तिला ते पान उघडायला लावलं, आणि जन्मात पहिल्यांदा परक्या माणसांपुढे मत मांडलं: हा माणूस खोटा तारणहार आहे, कारण वाचवलेल्यांना त्याने एकदाही विचारलं नाही. रेणूने ते इंग्रजीत करून टाकलं. तासाभरात कुणीतरी अत्यंत सभ्यपणे कळवलं की प्रस्ताव मागे घेतल्यामुळे हे प्रकरण बंद झालेलं आहे. छत्रीवाला निर्दोष सुटला. मी नाही म्हटलं तरी त्याचा वकील होतो. जिंकलेल्या खटल्याचं इतकं वाईट वाटलेला दुसरा वकील नसेल.

कुसुम आजही बियाणं काढते. दोन वर्षं गेली, तिसऱ्या वर्षीपासून बायका पुन्हा कट्टे घेऊन येऊ लागल्या. सुगीला मी अजून जातो. सुडी ती संध्याकाळी झाकते, सकाळी उघडते, मला विचारत नाही. मला कुटार भरायला देते. ते काम मी बरं करतो. दुपारी सीताफळ फोडताना आम्ही दोघं लहानपणच्या गोष्टी बोलतो, आणि त्या वर्षाची गोष्ट दोघंही काढत नाही. तिच्या बाजूने तो मोठेपणा आहे. माझ्या बाजूने काय आहे, ते मला ठाऊक आहे.

कारण गोणपाट झटकून झालं त्याच दुपारी कांताबाई आली होती. शेजारची, कुसुमचं बी दरवर्षी सगळ्यांत आधी नेणारी. डोक्यावर रिकामे कट्टे घडी घालून ठेवलेले. मी ओसरीवर वसंतरावांच्या शेजारी बसलो होतो, कुसुमने नुकताच गवती चहा दिला होता.

"माह्यासाठी ठेवजो वं कुसुम, दोन कट्टे."

"यंदा नाई, कांताबाई. बियानं गेलं."

"गेलं? कसं गेलं बाप्पा? तुह्यं तं झाकेल होतं. साऱ्या गावानं पाह्यलं!"

"झाकलं म्हनूनच गेलं. ओली होती, वाफ धरली. उघडाले पायजे होतं."

"मंग उघडली काहून नाई? तुले तं माहीत असते सारं."

"राहून गेलं. मीच नाई उघडली. आळस केला."

"आळस? तू?" कांताबाई हसली. मग तिचं हसू हळूहळू गेलं. तिने कुसुमकडे पाहिलं, वसंतरावांच्या काळ्या चष्म्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळली. "सर, तुमी तं इथंच होते ना तवा?"

कुसुम खाली वाकून माझी बशी उचलत होती. ती तशीच थांबली.

"होतो," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. चहा चांगला झाला होता. मी तो शेवटपर्यंत प्यालो.